केशतंतू आणि क्ष-किरणांची सूक्ष्म शलाका

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या, म्हणजेच अष्टविधशस्त्रकर्मीय अध्यायात, व्रणसीवनासाठी कोणती सूत्रे वापरावीत याची यादी आली आहे. बारीक सूत, अश्मंतकाची साल, शण, क्षौम म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, स्नायू, वाल म्हणजे केस, तसेच मूर्वा व गुडूची यांचे तंतू, ही ती द्रव्ये होत. आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता या यादीचे तीन गट पडतात. वनस्पतिज तंतू सेल्युलोजचे, स्नायू कोलॅजेनचा आणि केस केराटिनचा. तिन्ही द्रव्ये एकाच जातीची आहेत, ती अशी की लहान घटकांची साखळी जोडून झालेले लांबलचक रेणू त्यांत एका दिशेने रचलेले असतात. अशा रेणूंना बहुवारिक म्हणतात. कारखान्यात होणारे नायलॉनही बहुवारिकच.

सुश्रुताचार्यांना या रेणूंची रचना ज्ञात होती, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. तसा मोह आपल्या व्यवसायातील लेखनात वारंवार दिसतो, आणि त्यातून ना संहितेचा गौरव होतो ना विज्ञानाचा. आमचे प्रयोजन वेगळे आहे. केसांच्या तपासणीचे अहवाल घेऊन रुग्ण वैद्याकडे येऊ लागले आहेत. केसात इतके शिसे, इतका पारा, अमुक खनिजाची न्यूनता, असे त्यांत लिहिलेले असते, आणि पुष्कळदा त्यांचा रोख रुग्ण घेत असलेल्या रसौषधींकडे असतो. वैद्याने व औषधनिर्मात्याने अशा अहवालाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? केस खरोखर काय सांगतो, आणि त्याच्या कोणत्या भागातून सांगतो? या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीस वर्षांत एका नव्या साधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. ते साधन म्हणजे क्ष-किरणांची अतिसूक्ष्म शलाका. शालाक्यतंत्रामुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहेच, म्हणून तोच येथे योजला आहे.

शलाका कशी घडते

अस्थिभंगाच्या छायाचित्रात क्ष-किरण आरपार जातात व हाडाची सावली पडते. तंतूंच्या अभ्यासात सावली निरुपयोगी आहे. तेथे पाहायचे असते ते किरणांचे विवर्तन, म्हणजे नियमित रचनेवरून त्यांचे ठराविक कोनांत विखुरणे. रात्री छत्रीच्या कापडातून दूरच्या दिव्याकडे पाहिले तर दिव्याभोवती प्रकाशठिपक्यांची चौफुली दिसते. धागे जितके जवळ, तितके ठिपके दूर. क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर, म्हणजे अणूंमधील अंतराएवढी असल्याने रेणूंची रचना त्यांच्यापुढे छत्रीच्या कापडासारखी ठरते. ठिपके कोठे पडले यावरून रेणूंमधील अंतर कळते, ते नेमके ठिपके आहेत की पसरून कडे झाले आहे यावरून रेणू एका दिशेने लागले आहेत की अस्ताव्यस्त आहेत हे कळते.

या पद्धतीचा इतिहास तंतूंशी निगडित आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे वस्त्रोद्योगासाठी काम करताना विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या सुमारास लोकर व केस यांची विवर्तनचित्रे घेतली. ओला केस ताणला की चित्र बदलते व सोडला की पूर्ववत होते, हे त्यांनी दाखवले. केराटिनचा रेणू मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो हा त्याचा उलगडा पुढे १९५१ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कोलॅजेनची तीन पदरी वेणी १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मांडली. १९५२ च्या मे महिन्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन व रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएच्या एका तंतूचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, त्यासाठीही बारीक झोताची क्ष-किरण नळी वापरली होती. ते एक चित्र उमटण्यास साठ तासांहून अधिक काळ लागला.

झोत बारीक करणे सोपे का नव्हते? भिंगाने प्रकाश एकवटतो, क्ष-किरण मात्र काचेतून जाताना जवळजवळ वळतच नाहीत. राँटगेन यांनी स्वतः भिंगे लावून पाहिली आणि त्यांना यश आले नाही. पुढे लक्षात आले की अगदी गुळगुळीत आरशाला क्ष-किरण निसटता स्पर्श करून गेले तर पूर्ण परावर्तित होतात. वाकवलेले असे दोन आरसे काटकोनात ठेवून किरण एका बिंदूवर आणण्याची युक्ती कर्कपॅट्रिक व बेझ यांनी १९४८ मध्ये मांडली. निमुळत्या होत जाणाऱ्या काचेच्या केशनलिकेतूनही किरण एकवटता येतात. तथापि झोत जितका बारीक करावा तितके किरण वाया जातात, म्हणून मूळ स्रोत अतिप्रखर हवा. तो सिंक्रोट्रॉनने दिला. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन हे ८४४ मीटर परिघाचे कडे असून त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन वळताना क्ष-किरण बाहेर टाकतात. १९९४ पासून ते संशोधकांना खुले झाले, आणि तेथील आयडी-१३ या दालनात क्रिश्चन रीकेल व सहकाऱ्यांनी काही मायक्रोमीटर जाडीची शलाका तंतूंच्या अभ्यासाला लावली. मनुष्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे एका केसाच्या आडव्या रुंदीत अनेक ठिकाणी वेगवेगळी तपासणी करणे शक्य झाले.

याचे महत्त्व वैद्यांना सांगण्यास दूरचा दृष्टांत नको. दशमुळाचा क्वाथ चाखून कषाय-तिक्त रस कळेल, पण तो दहापैकी कोणत्या मुळाचा हे कळणार नाही. तंतूंच्या जुडीवर रुंद झोत टाकून घेतलेले चित्र हे त्या क्वाथासारखे असते. साऱ्या तंतूंचे, आतल्या-बाहेरच्या सर्व थरांचे, त्यावर चिकटलेल्या स्नेहाचे व मळाचेही त्यात मिश्रण असते. सूक्ष्म शलाका एकेक मूळ वेगळे चाखते.

क्षौमसूत्र, रेशीम आणि इतर तंतू

प्रारंभीच्या प्रयोगांत जवसाचा तंतू होता, ही आपल्या दृष्टीने सुखद गोष्ट आहे. १९९८ मध्ये मार्टिन म्युलर, पीटर फ्राट्झल, रीकेल आदी संशोधकांनी जवसाच्या एकाच तंतूवर शलाका टाकून त्यातील सेल्युलोजचे सूक्ष्म धागे कसे लागले आहेत ते थेट पाहिले. हे धागे तंतूच्या अक्षाशी अगदी लहान कोन करून, जवळजवळ सरळ उभे असतात, आणि ताण सोसण्याची त्याची शक्ती येथूनच येते. पुढच्याच वर्षी स्प्रूस वृक्षाच्या लाकडाच्या आडव्या कापावर दोन मायक्रोमीटर शलाकेने एकेका पेशीची भित्ती तपासली गेली, आणि पेशीपेशीत हे धागे एकाच दिशेने वळसे घेतात असे दिसले.

क्षारसूत्र बनवणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. आपले प्रमाणित क्षारसूत्र वीस क्रमांकाच्या लिननच्या, म्हणजे जवसाच्याच, धाग्यावर होते. त्यावर स्नुहीक्षीराचे अकरा, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे सात आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे तीन असे एकवीस लेप चढतात. भगंदरावरील त्याची उपयुक्तता भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्री चाचणीत तपासली गेली व ते निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु निर्मितीच्या बाजूला काही प्रश्न असे आहेत की ते डोळ्यांनी वा वजनाने सुटत नाहीत. क्षार तंतूंच्या आत शिरतो की वरच लेपरूपाने राहतो? अनेक लेपांनंतर धाग्याची ताणशक्ती कमी होते ती सेल्युलोजची रचना बदलल्याने, की तंतू परस्परांपासून सुटल्याने? तीव्र दाहक सोड्यात सुती धागा बुडवला की सेल्युलोजचा स्फटिकप्रकारच बदलतो, कापडगिरण्यांत याला मर्सरायझेशन म्हणतात, आणि विवर्तनचित्रात तो बदल स्पष्ट उमटतो. अपामार्गक्षार, जो मुख्यतः पोटॅशियमच्या कार्बोनेटादी लवणांचा असतो, त्याहून पुष्कळ सौम्य आहे, म्हणून तसा बदल होतोच असे आम्ही म्हणत नाही. पण धाग्याच्या आडव्या छेदावर शलाका फिरवली तर पोटॅशियम कोठवर पोचले आणि सेल्युलोज मूळ रूपात आहे का, ही दोन्ही उत्तरे एकाच तंतूतून मिळतील. यासाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे व तेथे मूलद्रव्ये शोधणाऱ्या सूक्ष्म शलाकेचे दालनही आहे. एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या शल्यतंत्र विभागाने पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय अवश्य विचारात घ्यावा.

रेशमाची हकिकत मनोरंजक आहे, म्हणून थोडक्यात देतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रीकेल, म्युलर व फ्रिट्झ वोलराथ यांनी जिवंत कोळ्यालाच शलाकेपुढे बसवून त्याच्या देहातून धागा ओढत असतानाच त्याची चित्रे घेतली. धाग्यातील नियमित रचना कशी आकाराला येते याचा अभ्यास त्यामुळे कृमीच्या मुखाशी, किंवा येथे पुच्छाशी म्हणा, जाऊन पोचला. बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटे ज्या केवलार तंतूची करतात, त्या जातीच्या तंतूवर २००३ मध्ये केवळ १०० नॅनोमीटर जाडीची शलाका फिरवून त्याच्या आडव्या छेदातील रेणूंची मांडणी तपासली गेली. इतकी प्रखर शलाका तंतूला इजाही करते, हे सांगितले पाहिजे. सजीवजन्य तंतू तिच्याखाली लवकर बिघडतो, म्हणून चित्र घ्यायचे ते झटपट घेऊन पुढच्या अस्पर्शित जागेवर सरकावे लागते.

केस आणि कर्करोगाचा दावा

आता केसाकडे वळू. चरक-सुश्रुतांच्या मते केस व लोम हे अस्थिधातूचे मल आहेत, आणि अस्थिगत दुष्टीची लक्षणे केसांवर पाहण्याचा आपला परिपाठ आहे. रोगाचे चिन्ह केसात शोधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, किंबहुना म्हणूनच पुढील प्रकरण आपण सावधपणे वाचावे.

१९९९ च्या मार्चमध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात ऑस्ट्रेलियातील वेरोनिका जेम्स व सहकाऱ्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. स्तनकर्करोग झालेल्या स्त्रियांच्या केसांच्या विवर्तनचित्रात एक विशिष्ट कडे दिसते, निरोगी स्त्रियांच्या केसांत ते नसते, सबब एका केसावरून या रोगाची चाळणी-तपासणी करता येईल, असा त्यांचा दावा होता. ते कडे सुमारे ४.५ नॅनोमीटर अंतराचे द्योतक होते. वृत्तपत्रांनी ही वार्ता उचलून धरली यात नवल नाही. सुई नाही, वेदना नाही, दूरच्या खेड्यातूनही टपालाने केस पाठवता येतो. असे निदानसाधन कोणाला नको आहे?

त्याच वर्षी, त्याच साप्ताहिकात, फ्रान्समधील फतमा ब्रिकी, जाँ दूसे आदींनी उत्तर दिले. त्यांनी रुग्ण व निरोगी अशा दोन्ही गटांच्या केसांवर प्रयोग करून पाहिला आणि त्यांना कडे व रोग यांचा संबंध आढळला नाही. २००० मध्ये इतर संशोधकांनाही तो दावा सिद्ध करता आला नाही. येथे महत्त्वाचा प्रश्न असा की ते कडे मुळात कशाचे? केराटिनच्या रेणूंची मांडणी बदलली तर तिची खूण केसाच्या अक्षाच्या संदर्भात ठराविक दिशेस उमटावी. सर्व बाजूंनी सारखे पसरलेले कडे सांगते की ही वस्तू केराटिनच्या शिस्तीत नाही. ते केसातील स्नेहद्रव्यांचे, म्हणजे मेदाम्लादिकांच्या थरांचे, कडे होते. स्नेह प्रत्येकाच्या केसात कमीजास्त असतो.

याच काळात दूसे यांच्या गटाने ग्रेनोबलच्या शलाकेने केसाचे भाग वेगवेगळे तपासले होते. केसावर बाहेरून खवल्यांचे आवरण असते, आत केराटिनच्या धाग्यांनी भरलेला जाड मध्यभाग आणि कित्येकदा अगदी मध्ये मज्जा. या भागांची रचना एकसारखी नाही, हे शलाकेने दाखवले. रुंद झोताला हे सारे एकच दिसते. त्यामुळे स्नेहाचा अंश एका केसात थोडा अधिक आला तरी तो साऱ्या केसाची रचना बदलल्याचा आभास निर्माण करतो. पुढील दशकात एका ऑस्ट्रेलियन कंपनीने मोठ्या चाचण्या करून ही तपासणी बाजारात आणण्याचा प्रयत्न केला. केस रंगवलेले वा कुरळे करवून घेतलेले असतील तर ते त्यांनाही वगळावे लागत. ती पद्धत मान्यताप्राप्त निदानसाधनांत आली नाही. स्तनात गाठ असलेल्या रुग्णेस केसांच्या तपासणीवर विसंबून थांबवणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ होय, हे येथे स्पष्ट शब्दांत नोंदवतो.

तैलाभ्यंगाच्या देशात तर स्नेहाचा हा प्रश्न अधिकच बिकट होतो. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि खनिज तेल शिरत नाही, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यात मुंबईच्या मॅरिको कंपनीचे संशोधक सहभागी होते. ती तपासणी क्ष-किरणांनी नव्हे, आयनांच्या झोताने केलेली होती. वर्षानुवर्षे तेल लावलेल्या केसातील स्नेहाचे चित्र पाहून रोगनिदान करू म्हणणाऱ्याने आधी त्या तेलाचा हिशेब दिला पाहिजे.

केसातील धातू आतले की बाहेरचे

औषधनिर्मात्यांशी अधिक निकट संबंध येतो तो धातूंच्या तपासणीचा. २००४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी उत्पादनांची जड धातूंसाठी तपासणी आपल्याकडे अनिवार्य झाली. औषधाची तपासणी योग्यच आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण रुग्णाच्या केसावरून औषधाला दोषी वा निर्दोष ठरवणे ही निराळी गोष्ट आहे. त्याच अमेरिकन नियतकालिकात २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एका निरोगी व्यक्तीच्या केसांचे भाग करून सहा व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवल्याचा वृत्तांत आला होता. केस एकाच डोक्यावरचे, पण सहा अहवालांत मोठी तफावत होती, आणि त्यांवरून दिलेले आहारविषयक सल्लेही परस्परविरोधी होते.

या तपासण्यांत केस आम्लात विरघळवून एकूण धातू मोजतात. पाण्यातून, साबणातून, धुळीतून, केस काळे करण्याच्या द्रव्यांतून बाहेरून बसलेला धातू आणि रक्तातून मुळाशी आलेला धातू हा भेद त्यात नष्ट होतो. सूक्ष्म शलाका येथेही वेगळी वाट दाखवते. क्ष-किरण पडताच प्रत्येक मूलद्रव्य आपापली ठराविक क्ष-किरण प्रतिदीप्ती बाहेर टाकते. केसाचा पातळ आडवा काप शलाकेखाली हळूहळू सरकवला की कोठे काय आहे याचा नकाशा तयार होतो. २००३ मध्ये दूसे यांच्या गटाने अशा रीतीने केसातील कॅल्शियम एकसारखे पसरलेले नसून निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रूपांत असते, हे दाखवले. एकूण कॅल्शियमच्या एका आकड्याला मग किती अर्थ उरतो, हे वाचकांनी ठरवावे.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण मनुष्याचे नसून अश्वाचे आहे. फार लॅप हा १९३० चा मेलबर्न चषक जिंकणारा घोडा ५ एप्रिल १९३२ रोजी कॅलिफोर्नियात अकस्मात मरण पावला. विषप्रयोगाचा संशय अनेक दशके टिकून राहिला. त्याचे कातडे पेंढा भरून मेलबर्नच्या संग्रहालयात जतन केले आहे, आणि अडचण नेमकी हीच होती. कातडे टिकवण्यासाठी त्या काळी सोमलाचीच लवणे वापरीत, तेव्हा केसात सोमल सापडणार हे उघड होते. ऑस्ट्रेलियाच्या इव्हान केम्पसन व डर्मॉट हेन्री यांनी घोड्याच्या आयाळीचे मुळासकट केस शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनवर तपासले व २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेरून लागलेला सोमल आणि रक्तातून आलेला सोमल हे स्थान व रासायनिक रूप या दोन्हींनी वेगळे ओळखता आले. मुळाजवळील खुणेवरून मृत्यूपूर्वी ३० ते ४० तासांत घोड्याच्या पोटात मोठ्या मात्रेत सोमल गेला होता, असा निष्कर्ष निघाला. कोणी घातला, हे केस सांगत नाही. त्या काळी घोड्यांना बलवर्धक म्हणून सोमलयुक्त द्रावणे देण्याची चाल होती, त्यामुळे वैद्याचा प्रमाद आणि वैऱ्याचे कृत्य या दोन्ही शक्यता खुल्या राहतात. शोधन व मात्रा या विषयांवर रसशास्त्राचा इतका भर का, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

अशी शलाका रोजच्या निदानासाठी उपलब्ध नाही व नजीकच्या काळात होण्यासारखीही नाही. रुग्ण केसांचा अहवाल समोर ठेवील तेव्हा वैद्याने काही साध्या गोष्टी विचाराव्यात. केस डोक्याच्या त्वचेलगत कापला की टोकाकडचा? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पंधरा सेंटिमीटर अंतरावरचा तुकडा सव्वा वर्षापूर्वीचा असतो आणि रुग्ण औषध दोनच महिने घेत असेल तर त्या तुकड्याचा त्या औषधाशी संबंध लागू शकत नाही. केस रंगवला होता काय, कोणते तेल लावतात, पाणी विहिरीचे की नळाचे, तपासणीपूर्वी प्रयोगशाळेने केस कशाने धुतला? शिसे वा पारा यांची खरी शंका असेल तर शिशासाठी रक्ताची व पाऱ्यासाठी लघवीची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करवून घ्यावी आणि तिचा निकाल येईपर्यंत संशयित कल्प थांबवावा. औषधनिर्मात्याने त्या कल्पाच्या त्याच क्रमांकाच्या घाण्यातील राखून ठेवलेला नमुना तपासणीस द्यावा.